प्रश्न तुमचे : वजनकाट्यावरचं जेवण

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते: कीटो आहार वजन उतरवण्यासाठी निघालेलाच नाही, तो फिट येणाऱ्या मुलांसाठी निघाला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी मुलांच्या मेंदूविकार विभागात गेली, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे. ते तसंच राहू दिलंय, कारण ज्या आईने विचारलंय तिला ते सगळंच लागणार आहे.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. दीड वर्षापासून त्याला फिट्स येतात, हल्ली दिवसाला आठ-दहा. दोन औषधं पूर्ण डोसने देऊन झाली, तिसरं चालू आहे. आता डॉक्टर कीटो आहार म्हणतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, वाढत्या वयाच्या पोराला नुसतं तेल-लोणी खाऊ घालणार का? हे बारीक व्हायचं फॅड आहे. मला रात्र रात्र झोप लागत नाही. – एक आई

आधी त्या 'फॅड' शब्दाबद्दल. उपाशी असताना फिट्स थांबतात हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत होतं. १९११ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी उपवासाने अपस्माराचे, म्हणजे फिट्सच्या आजाराचे, रुग्ण सुधारल्याचं लिहिलं. पण उपाशी किती दिवस ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी त्यावर वाट सुचवली. साखर-पिष्ट जवळजवळ बंद केलं आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर माणूस पोटभर जेवूनही शरीर उपवासात असल्यासारखं वागतं. 'कीटोजेनिक डाएट' हे नाव त्यांनीच दिलं. त्याच क्लिनिकच्या पीटरमन यांनी १९२५ च्या सुमारास मुलांसाठी प्रमाण ठरवलं: वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळी ऊर्जा स्निग्धातून. मी आजही कागदावर गणित मांडते तेव्हा पाया तोच असतो.

मग मधल्या काळात हा आहार गेला कुठे? १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं. गोळी देणं सोपं, जेवण तोलणं कठीण. हळूहळू आहार मागे पडला आणि तो आखता येणारी माणसंही कमी झाली. जिम अब्राहम्स या चित्रपट दिग्दर्शकाच्या लहानग्या मुलाच्या फिट्स औषधांनी थांबल्या नव्हत्या, मेंदूच्या शस्त्रक्रियेनेही नाही. १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये हा आहार सुरू केल्यावर त्या थांबल्या. इतका जुना उपाय आपल्याला कुणी आधी का सांगितला नाही, हा त्या बापाचा सवाल होता. त्यातून पुढे त्याने संस्था काढली, आणि जगभर हा आहार पुन्हा वापरात आला.

आता पुरावा. लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या पथकाने २००८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. २ ते १६ वयाची १४५ मुलं घेतली, सगळी अशी की किमान दोन औषधं देऊनही फिट्स चालूच होत्या. निम्म्यांना लगेच आहार सुरू केला, निम्म्यांना तीन महिने थांबवलं. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. थांबलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. आहारावरच्या ७ टक्के मुलांत फिट्स नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या, दुसऱ्या गटात तसं एकही मूल नव्हतं.

हे आकडे मी प्रत्येक आईवडिलांपुढे जसेच्या तसे ठेवते. शंभरातल्या बासष्ट मुलांना एवढा फायदा झाला नाही, हेही त्यातच आलं. पण दोन योग्य औषधं निकामी ठरल्यावर तिसऱ्या-चौथ्या औषधाने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यताही फार उरत नाही. त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की ३८ हा आकडा मोठा वाटायला लागतो.

रोजचं जेवण कसं असतं ते सांगते. समजा मुलाचं वजन १५ किलो आहे आणि त्याला दिवसाला १००० कॅलरी हव्यात. '४ ला १' या प्रमाणात ४ ग्रॅम स्निग्ध, आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. अशा एका घटकाच्या ४० कॅलरी होतात, म्हणजे दिवसाला २५ घटक. १०० ग्रॅम स्निग्ध, २५ ग्रॅम बाकीचं. त्या पंचवीसमधले १५ ग्रॅम प्रथिनांना गेले. साखर, पिष्ट, फळ, भाजी या सगळ्यांसाठी मिळून हातात राहिले १० ग्रॅम. चहाच्या दोन चमचे साखरेएवढे, आणि तेही दिवसभरासाठी.

म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. अंडं तसंच मोजायचं नाही. लहान-मोठं असतं, आणि पांढऱ्यात प्रथिनं तर पिवळ्यात स्निग्ध. फोडून एकजीव फेटायचं, मग हवं तेवढंच वाटीत तोलायचं. जेवण झालं की वाटी रबरी स्पॅच्युलाने निपटायची आणि ते शेवटचं बोटही मुलाच्या तोंडात. आमच्या वॉर्डात नव्या आयांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते. वाटीला चिकटून राहिलेलं लोणी म्हणजे खाली सांडलेलं औषध.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगायलाच हवी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी असंच एक १५ किलोचं मूल होतं. आहार लागू पडला होता, नऊ दिवस एकही फिट नव्हती. दहाव्या दिवशी तीन आल्या. केटोन, म्हणजे चरबीपासून शरीरात बनणारं इंधन, उतरले होते. मी ताट पुन्हा तोललं, हिशोब पुन्हा मांडला, आईने चोरून काही भरवलं असेल असा मनात संशयही घेतला. दोन दिवसांनी पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. ५ मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम साखर, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाच्या १० ग्रॅमपैकी ९ ग्रॅम त्या बाटलीतूनच जात होते. सर्दी झाली म्हणून ते सिरप लिहून दिलं गेलं, आणि मी औषधांचा कागद बघितलाच नव्हता. त्या आईची मी माफी मागितली. तेव्हापासून मी ताटाआधी औषधं बघते: सिरप, चघळायच्या गोळ्या, व्हिटॅमिनचे थेंब, टूथपेस्टसुद्धा. तुम्हीही बघा. औषधाच्या दुकानात 'साखर नसलेलं' एवढं म्हणून थांबू नका. सॉर्बिटॉलसारखे गोड पदार्थही हिशोबात धरावे लागतात. शक्यतो गोळी मागा.

दुसरं म्हणजे, मुलाच्या दप्तरात आणि तुमच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा: 'हे मूल कीटोजेनिक आहारावर आहे. डॉक्टरांना गरज वाटल्याशिवाय ग्लुकोजचं सलाईन लावू नये.' तापासाठी भलत्याच रुग्णालयात नेलं, तिथे सवयीने डेक्स्ट्रोज लावलं आणि काही तासांत फिट्स परतल्या, असं मी पाहिलं आहे. रक्तातली साखर खरोखर धोकादायक उतरली असेल तर मात्र ग्लुकोज द्यायचंच. तिथे कार्ड आडवं आणायचं नाही.

सुरू करण्याआधी काही रक्त-लघवीच्या तपासण्या होतील. त्या टाळू नका. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच स्निग्ध जाळण्याची यंत्रणा अपुरी असते: कार्निटीनची कमतरता, फॅटी अॅसिड पेशीच्या आत नेणाऱ्या एन्झाइमचे दोष. पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता आणि पॉर्फिरिया हेही त्याच यादीतले. अशा मुलाला हा आहार जिवावर बेतू शकतो. याच्या अगदी उलट 'ग्लुट-१ कमतरता' नावाचा आजार आहे. त्यात ग्लुकोज रक्तातून मेंदूत पुरेसं शिरत नाही आणि मेंदू भरल्या घरात उपाशी राहतो. केटोन दुसऱ्या दाराने आत जातात. त्या मुलांसाठी हा आहार सगळी औषधं थकल्यावरचा उपाय नाही, पहिलाच आहे.

त्रास होतात. बद्धकोष्ठता बऱ्याच मुलांना होते. मूतखडा शंभरात साधारण सहा मुलांना, म्हणून पाणी भरपूर आणि बऱ्याच ठिकाणी पोटॅशियम सायट्रेट. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिट्सची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, खड्याचा आणि रक्तातली आम्लता वाढण्याचा धोका त्याने वाढतो. उंची थोडी रेंगाळू शकते, कोलेस्टेरॉल चढतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सेलेनियम बाहेरून द्यावंच लागतं, कारण इतक्या कमी धान्य-फळ-भाजीत ते मिळणारच नाही. घरातल्या मोठ्यांची काळजी त्यामुळे अगदी बिनबुडाची नाही. तसं त्यांना मोकळेपणाने सांगा, आणि हेही सांगा की हा आहार जन्मभराचा नाही. तीन महिने नीट करायचा. गुण नसेल तर थांबायचं, असेल तर साधारण दोन वर्षं.

एक सुचवू? मुलाच्या आजोबांना काट्यापाशी बसवा. माझ्याकडे सर्वांत जास्त विरोध करणारे एक आजोबा होते. आठवडाभरात रोजच्या फिट्सची वही तेच लिहायला लागले, वेळेसकट. आमच्या डॉक्टरांना इतकी चांगली नोंद कुणी दिली नव्हती.

हे काटेकोर रूप अगदीच झेपलं नाही तर १९७१ पासून वापरात असलेला एमसीटी तेलाचा (मध्यम साखळीच्या स्निग्धांचं तेल) प्रकार आहे, त्यात कर्बोदकांना थोडी जास्त जागा मिळते. २००३ नंतर आलेला 'मॉडिफाइड अॅटकिन्स' आहे, त्यात फक्त कर्बोदकं मोजायची. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना तो बरा पडतो. यातलं काहीही घरच्या घरी सुरू करायचं नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या पत्रावरूनच कळतंय.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवतो. केटोन वाढले की मधुमेही बेशुद्धीत जातो, असं मी मुलांना शिकवत आलो. मग तेच केटोन उपचार कसे? – एक शिक्षक

सर, तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे. प्रश्न किती, आणि त्यावर लगाम आहे की नाही, याचा आहे.

मेंदूला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसभराचाही जेमतेम. स्नायूंत साठा जास्त असतो, पण तो स्नायू स्वतःच वापरतात, रक्तात सोडत नाहीत. तरीही माणूस कित्येक आठवडे उपाशी जगू शकतो. मेंदूला लागणारं सगळं ग्लुकोज प्रथिनांपासून बनवायचं तर स्नायू केव्हाच झिजून गेले असते. हे कोडं बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांच्या गटाने सोडवलं. पाच-सहा आठवडे देखरेखीखाली उपवास करणाऱ्या लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून परतणारं रक्त त्यांनी तपासलं. १९६७ मध्ये त्यांनी लिहिलं: मेंदूच्या इंधनातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा केटोनचा होता. मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो, हा समज तिथे मोडला.

केटोन यकृतात बनतात, चरबीपासून. गंमतीची नव्हे, पण मला अजूनही थक्क करणारी गोष्ट अशी की यकृत स्वतः ते वापरू शकत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नाहीच. रांधून सगळं दुसऱ्यांना वाढायचं.

आणि लगाम म्हणजे इन्सुलिन. ते थोडंसं असलं तरी केटोन बनण्यावर वचक राहतो. कीटो आहारावरच्या निरोगी माणसात केटोन लिटरला ०.५ ते ३ मिलिमोल असतात, आमच्या मुलांत थोडे वर. टाईप १ मधुमेहात इन्सुलिनच नसलं तर ते वाढतच जातात आणि रक्त आम्लधर्मी होतं. वर्गात सांगताना चूल आणि वणवा असा फरक सांगितलात तर मुलांना पटेल.

फिट्स नेमक्या कशाने थांबतात, याला मात्र एक उत्तर नाही. केटोनचा आकडा आणि फिट्सचा हिशोब नेहमी जुळत नाही, हे मी रोज पाहते. एमसीटी तेलातलं डेकॅनोइक अॅसिड चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या एका रिसेप्टरला अडवतं, असं २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आतड्यातल्या जिवाणूंचा हात दिसला. बहुधा यात बरीच कारणं एकत्र काम करत असावीत.

प्रश्न : वय ५८, अकरा वर्षं टाईप २ मधुमेह. ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन आणि बीपीची गोळी चालू. मित्राचं पाहून तीन आठवड्यांपूर्वी धान्य, बटाटा, साखर, फळं सगळं बंद केलं. उपाशीपोटी शुगर १८० वरून ९५ वर आली. दोन दिवस मळमळ आहे, अंगात त्राण नाही, उठलं की चक्कर येते. शुगर इतकी छान असताना डॉक्टरांकडे जावं का?

या वाचकांचं पत्र हाती आलं त्याच तासाला संपादकांकडून त्यांचा नंबर घेऊन मी त्यांना रुग्णालयात जायला सांगितलं. इथे छापतेय ते तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल म्हणून.

त्यांच्या तिन्ही गोळ्या या आहाराशी भांडतात. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, ताटात काय आहे ते बघत नाही. कर्बोदकं काढून घेतली आणि गोळी तेवढीच राहिली की शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. इन्सुलिन टोचणाऱ्यांचंही तेच. बीपीच्या गोळीचं म्हणाल तर, इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतं. त्यावर जुनाच डोस म्हणजे उठताना चक्कर.

सगळ्यात जास्त भीती मला डॅपाग्लिफ्लोझिनची वाटली. या गटातली औषधं, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिनही, लघवीवाटे साखर बाहेर घालवतात. त्यामुळे केटोॲसिडोसिस, म्हणजे केटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होणं, झाला तरी रक्तातली शुगर फार वाढलेली दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याचा इशारा दिला आहे. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा असेल तर ग्लुकोमीटर काहीही दाखवो, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातले केटोन तपासून घ्यायचे. या गोळीवर असताना कीटो आहार स्वतःहून सुरू करणं मला अजिबात मान्य नाही.

पण म्हणून कर्बोदकं कमी करणं चुकीचं आहे, असं कुणी समजू नका. इन्सुलिन १९२१ मध्ये सापडलं, त्याआधी मधुमेह्याच्या हातात आहाराशिवाय काहीच नव्हतं. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर जॉन रोलो यांनी एका मधुमेही कॅप्टनला मांसप्रधान आहार देऊन आलेला अनुभव १७९७ मध्येच प्रसिद्ध केला होता. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की रक्तशर्करा सुधारण्यासाठी आहारातल्या उपायांपैकी एकूण कर्बोदकं कमी करण्यामागे सर्वांत जास्त पुरावा आहे. २०२१ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. सहा महिन्यांनी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ च्या खाली आलेले लोक कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के होते, दुसऱ्या गटांत ३१ टक्के. औषधाशिवाय आकडा राखणाऱ्यांतला फरक मात्र तेवढा ठळक नव्हता, आणि वर्षाच्या अखेरीस फायदा बराच विरला. माझ्या अनुभवात आहार हरत नाही, तो पाळणं सुटतं.

त्यासाठी कीटोपर्यंत जायलाच हवं असं नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं म्हणजे 'लो-कार्ब'. २० ते ५० ग्रॅम म्हणजे कीटो. आधी पहिल्या पायरीवर उभं राहा. डॉक्टरांकडे जाताना 'मी खाणं बदलणार आहे, गोळ्या किती कमी करायच्या?' हे विचारायला जा, बदलून झाल्यावर नको. गोळ्या स्वतः बंद करायच्या नाहीत. आणि टाईप १ असलेल्यांनी हे तज्ज्ञांच्या हाताखालीच करायचं, नाहीतर नाही.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरलं. पुढच्या तीन आठवड्यांत जेमतेम एक. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. तो पहिला आठवडा मुख्यतः पाण्याचा होता. यकृत आणि स्नायू मिळून जवळपास अर्धा किलो ग्लायकोजेन असतं आणि त्याच्या दर ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणी जातं, शिवाय मिठाबरोबर जातं ते वेगळं. तीन आठवड्यांत उतरलेला तो एक किलोच खरा चरबीचा आहे, त्याला कमी लेखू नका.

कीटोने इतर आहारांपेक्षा जास्त वजन जातं का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या चाचणीत (२०१८) कमी स्निग्धाच्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकांच्या गटाचं ६ किलो. हा फरक मोजण्याजोगा ठरला नाही. मात्र दोन्ही गटांत कुणाचं वजन खूप उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. ज्या आहारावर तुम्हाला भूक छळत नाही आणि जो पुढच्या वर्षीही जमेल, तो तुमचा. काहींना तो खरोखरच कमी कर्बोदकांत सापडतो.

प्रश्न : आधी लघवीच्या पट्टीचा रंग गडद जांभळा यायचा, आता फिकट येतो. कीटोसिस संपला का?

नाही. पट्टी केटोनपैकी फक्त अॅसिटोअॅसिटेट ओळखते. रक्तात मुख्य असतो तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, तो तिला दिसतच नाही. शिवाय पाणी जास्त प्यायलात तरी रंग फिकट होतो. उपचार म्हणून आहार चालू असेल तर बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर केटोन मोजा. नसेल तर रंगाच्या मागे लागू नका.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पाजते. वजन कमी करायला कीटो करू का?

नको. दुधातून रोज बरंच ग्लुकोज बाहेर जातं, आणि पाजणाऱ्या आयांना कर्बोदकं तोडल्यावर केटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणातही नको. वजन कमी करणं थोडं थांबू शकतं.

प्रश्न : पाच महिने कीटो केलं. ट्रायग्लिसराइड उतरलं, एचडीएल वाढलं, पण एलडीएल ११० वरून १९८. ग्रुपवर सांगतात, कीटोत एलडीएल वाढलं तरी चालतं. खरं का?

मी चालवून घेणार नाही. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल सुधारणं ही या आहाराची चांगली बाजू आहेच. पण एलडीएल हे कोलेस्टेरॉल हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं आहे, आणि कीटोवर असल्याने तुम्हाला त्यातून सूट मिळते असं कुणी दाखवून दिलेलं नाही. सगळ्यांचं वाढत नाही, काहींचं फार वाढतं. लोणी, क्रीम, चरबीचं मांस कमी करा, त्या जागी वनस्पती तेलं, सुकामेवा, मासे आणा, कर्बोदकं थोडी वाढवा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. तेवढ्यात हा कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर लगेच भेटा.

प्रश्न : बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. कुणीतरी सांगितलं, साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. ती आता जवळजवळ काहीच खात नाही. – एक बहीण

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या सांगण्याचं मूळ खरं आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार खातात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. त्याच गुणावर पेट स्कॅन चालतो. पण तुम्ही साखर खाल्ली नाही तरी यकृत ग्लुकोज बनवतं, कारण त्यावाचून तांबड्या रक्तपेशी जगत नाहीत. गाठीलाही ते मिळत राहतं. आणि अनेक गाठी दुसऱ्या इंधनावरही जगतात. मेंदूच्या काही गाठींमध्ये कीटो आहाराच्या लहान चाचण्या झाल्या आहेत, पण त्याने कर्करोग बरा होतो किंवा आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही.

केमोत वजन आणि स्नायू उतरणं हे मात्र नक्की नुकसान आहे. डोस पुढे ढकलावे लागतात, संसर्ग होतात. तुमच्या बहिणीला आत्ता जे जातंय ते खाऊ द्या, गोड असलं तरी. आठवड्यातून एकदा एकाच वेळी वजन लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तो कागद कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवा. सोबत आहारतज्ज्ञाची भेट मागा. हे ज्यांनी सांगितलं ते बहुधा मायेपोटीच सांगितलं असेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, तुमची सगळी शक्ती बहिणीला लागणार आहे.

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षांची. दोन वर्षं ४ ला १ वर आहे, चौदा महिन्यांत एकही फिट नाही. डॉक्टर आता आहार सोडवू म्हणतात. आम्हालाच भीती वाटते. – आई-बाबा

चौदा महिने! तुमचं पत्र आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं.

भीती वाटणारच. एकदम सोडायचा नाही. ४ ला १ वरून ३ ला १, मग २ ला १, मग १ ला १, अशी काही आठवड्यांची किंवा महिन्यांची पायरी डॉक्टर ठरवतील. आहारावर फिट्स पूर्ण थांबलेल्या मुलांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या, आहार बंद केल्यावरही फिट्स परतत नाहीत, असं जॉन्स हॉपकिन्सच्या पाहणीत दिसलं. परतल्याच तर आहाराकडे किंवा औषधाकडे वळता येतं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) अजून बिघडलेला असेल किंवा एमआरआयमध्ये दोष असेल तर शक्यता थोडी वाढते, ते आधी विचारून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्या आठवड्यात प्रमाण उतरवाल त्या आठवड्यात औषधाला हात नको, आणि ती तापाने आजारी असेल तर प्रमाणही तिथेच थांबवा. सुरुवातीला गोड वाढवू नका, धान्य-भाजी वाढवा. दोन वर्षांनी तिच्या जिभेला सफरचंदही फार गोड लागेल, पोट दुखेल. झोप पुरेशी होऊ द्या. फिट्सची वही रोज लिहा, रकाना कोरा राहिला तरी तारीख घाला. आणि काटा लगेच कुणाला देऊन टाकू नका, वर्षभर तो कपाटात वरच्या फळीवर राहू द्या.